फ्रीज ड्राय फळं कोल्हापुरात परवडतील अशी कुठं मिळतील? लेकीच्या डब्यासाठी आणि कॉर्नफ्लेक्समध्ये घालायला हवीत

राजारामपुरीची_आई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच विचारतेय. माझी लेक सात वर्षांची आहे, दुसरीत. तिला ताजी फळं अजिबात चालत नाहीत. म्हणजे चव आवडत नाही असं नाही, पण तोंडात ते मऊ बुळबुळीत लागतं ना, ते तिला सहनच होत नाही. केळ्याचा घास घेतला की उमासे येतात, आमरस गाळून दिला तरी एखादा धागा लागला की वाटी बाजूला. डॉक्टरांना दाखवलं, वजन उंची सगळं ठीक आहे, ते म्हणाले जबरदस्ती करू नका, वेगवेगळ्या रूपात देत राहा.

तर दिवाळीत नणंद पुण्याहून आली तेव्हा फ्रीज ड्राय (गोठवून वाळवलेल्या) स्ट्रॉबेरीचं एक छोटं पाकीट घेऊन आली होती. पोरीनं एक तुकडा जिभेवर ठेवला, कुरकुर वाजला, विरघळला आणि तिनं दुसरा मागितला. मग तिसरा. अख्खं पाकीट संपलं. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्या लेकीनं फळ मागून खाल्लं हो, मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी आजोबांनी गंगावेशीतून आणलेल्या दुधात कॉर्नफ्लेक्स आणि वरून ते तुकडे घालून दिले तर वाटी चाटून पुसून.

आता अडचण पैशाची आहे. ते पाकीट 20 ग्रॅमचं आणि 160 रुपयांचं. तिला दोन दिवसांना एक लागतं म्हणजे महिन्याला 15 पाकिटं, 2400 रुपये. आमच्या घरात एवढं एका खाऊवर जमत नाही. स्वस्त म्हणून एका सुक्यामेव्याच्या दुकानातून पाव किलो 'ड्राय स्ट्रॉबेरी' आणली तर ती चिकट, लालभडक, नुसती साखर, पोरीनं तोंडातून काढून हातात दिली. मग ऑनलाइन 'फ्रूट क्रिस्प' म्हणून फणसाचं मागवलं, ते कुरकुरीत होतं पण बोटांना तेल लागत होतं आणि तिला ते वेफर्ससारखंच वाटलं, म्हणजे फळ खाल्ल्याचं समाधान मला काही नाही.

तर विचारायचं असं की खरी फ्रीज ड्राय फळं कमी पैशात कुठं मिळतात, घरी करता येतात का, आणि ओळखायची कशी? घरात सगळे म्हणायलेत की हे लाड आहेत. मला तसं वाटत नाही.

फूडटेक_कागल

ताई, लाड नाहीत हे. पोरगी फळ खातेय हे महत्त्वाचं. मी शिवाजी विद्यापीठातून फूड सायन्स केलंय, आधीच्या नोकरीत दोन वर्षं फ्रीज ड्रायरवरच ड्युटी होती त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही आणलेल्या तीन गोष्टी तीन वेगळ्या पद्धतीच्या आहेत आणि बाजारात तिन्ही 'ड्राय फ्रूट' म्हणूनच विकतात, सगळा घोळ तिथंच होतो. ती चिकट लाल स्ट्रॉबेरी म्हणजे साखरेच्या पाकात मुरवून मग गरम हवेत वाळवलेली. सुकी किवी, सुका अननस, क्रॅनबेरी बहुतेक सगळं याच प्रकारातलं, काहींत वरून रंगही असतो. तेलकट फणस म्हणजे व्हॅक्यूम फ्राय, कमी दाबाखाली तळलेला. तळलेलाच तो, फक्त कमी तापमानाला तळला म्हणून रंग चांगला राहतो. आणि तिसरं तुमचं खरं फ्रीज ड्राय, यात ना साखर ना तेल, नुसतं फळ.

ओळखायला पाकिटाची मागची बाजू वाचायची. घटकांच्या यादीत जे वजनानं जास्त ते आधी लिहावं लागतं, तिथं फक्त 'स्ट्रॉबेरी' एवढंच हवं. साखर, ग्लुकोज सिरप, तेल, माल्टोडेक्स्ट्रिन यातलं काही दिसलं तर खाली ठेवा. मग पोषणाच्या तक्त्यात 100 ग्रॅममागं फॅट बघा. स्ट्रॉबेरी, आंबा, केळं, फणस यांत मुळात फॅट नगण्य असतं, म्हणून तिथं 15-20 ग्रॅम लिहिलं असेल तर ते तळलेलं आहे, नाव काही का असेना. 'अॅडेड शुगर'ची वेगळी ओळ असते ती शून्य हवी. एकूण साखर मात्र बरीच दिसेल, त्याला घाबरू नका, ती फळाचीच, पाणी गेल्यामुळं दाट झालेली. हातानं पण कळतं, खरा तुकडा थर्माकोलसारखा हलका असतो, चिमटीत धरला तर पावडर होते. पाकातला वाकतो.

आता महाग का ते सांगतो, कारण ते कळलं की पैसे कुठं वाचवायचे ते पण कळतं. कपाटातल्या डांबरगोळ्या कशा न वितळता लहान होत जातात, किंवा आरतीतला कापूर उघडा राहिला तर उडून जातो, तसंच बर्फाचं करायचं असतं. फळ आधी उणे 40 अंशाच्या आसपास गोठवायचं, मग बंद टाकीत हवा ओढून दाब एवढा कमी करायचा की बर्फ पाणी न होता थेट वाफ होतो. हे साधारण 6 मिलिबारच्या खालीच घडतं, आपल्या आजूबाजूच्या हवेचा दाब समुद्रसपाटीला 1013 असतो त्यावरून अंदाज घ्या. मशीनमध्ये तर 1 च्या पण खाली चालवतात. बर्फ जिथं होता तिथं पोकळी राहते, फळाचा सांगाडा तसाच राहतो, म्हणून तो कुरकुरीतपणा. आणि एक बॅच निघायला 24 ते 40 तास. तेवढा वेळ व्हॅक्यूम पंप आणि कॉम्प्रेसर दोन्ही चालू. पुस्तकी हिशेबानं एक किलो स्ट्रॉबेरीतलं पाणी उडवायला पाऊण युनिट वीज पुरते, प्रत्यक्षात कितीतरी पट जाते.

आणि खरी गोम पुढं आहे. स्ट्रॉबेरीत 91 टक्के पाणी. म्हणजे 1 किलो स्ट्रॉबेरी टाकली की हातात 90-100 ग्रॅम येतं. आंब्याच्या गराचं 170-180 ग्रॅम, सोललेल्या केळ्याचं आणि फणसाच्या गऱ्यांचं 250 च्या वर. मशीनला भाडं सारखंच, पण केळ्याचा माल अडीचपट निघतो आणि केळं मुळात स्वस्त. तरीही दुकानात लहान पाकिटात केळं आणि स्ट्रॉबेरी जवळपास एकाच भावात विकतात, तिथं तुम्ही पाकिटाचे आणि जाहिरातीचे पैसे देताय. म्हणून माझा सल्ला, केळं किंवा फणस मुख्य ठेवा, स्ट्रॉबेरी नुसती आंबटपणाला आणि रंगाला वरून चारदोन तुकडे.

घरी होत नाही ताई. घरगुती मशीन परदेशात मिळतात, पण त्यांची किंमत लाखांत आहे आणि शिवाय आवाज आणि वीजबिल.

शाहूपुरीची_बेकर

ताई, मी घरून केक करते, माझ्याकडं फ्रीज ड्राय स्ट्रॉबेरी नेहमी असते कारण क्रीममध्ये ताजी घातली की पाणी सुटतं आणि केक बसतो. खाऊच्या रॅकवरचं पाकीट घेऊच नका तुम्ही. केकचं सामान विकणाऱ्या होलसेलवाल्यांकडं विचारा, लक्ष्मीपुरीत आणि शाहूपुरीत अशी दुकानं आहेत, समोर मांडलेलं नसतं पण ऑर्डर देऊन मागवतात. मी मागच्या महिन्यात भाव काढलेले ते सांगते, स्ट्रॉबेरीच्या अख्ख्या चकत्या 5200 रुपये किलो, आणि तीच स्ट्रॉबेरी तुटकी, म्हणजे चाळताना मोडलेले तुकडे आणि चुरा, 3800. केळ्याच्या चकत्या 2400. तुमचं पाकीट 8 रुपये ग्रॅम पडतंय म्हणजे किलोला 8000, बघा आता. पाकिटावर ग्रॅममागचा भाव छापलेला असतो, तोच बघून घ्यायची सवय लावा, पुढच्या बाजूच्या मोठ्या आकड्याकडं बघूच नका.

तुटका माल म्हणजे खराब नव्हे हं. कॉर्नफ्लेक्समध्ये घालायला तुटकाच चांगला, प्रत्येक चमच्यात येतो. अडचण एकच, कमीत कमी एक किलोची बॅग घ्यावी लागते. आणि एक किलो म्हणजे केवढं असतं ते तुम्हाला वाटतंय तसं नाही, उशीएवढी बॅग येते.

वाळवणवाल्या_काकू

मुली, तुझं वाचून मला माझ्या धाकट्याची आठवण झाली, तो पण असाच होता, केळ्याकडं बघत नव्हता. तेव्हा हे फ्रीज ड्राय वगैरे नव्हतं. मी त्याला आंबापोळी द्यायची, माझं माहेर राजापूरचं, दरवर्षी मे महिन्यात गच्चीवर ताटांना तूप लावून रस पसरायचे, एकावर एक थर, चार-पाच दिवस कडक ऊन. साखर नाममात्र घातली तरी चालते, रायवळ आंबा आंबटगोड असतो म्हणून बरा, हापूस त्यासाठी घालवू नये. ती पोळी चिवट असते, बुळबुळीत नसते, तुझ्या लेकीला कदाचित चालेल. गगनबावड्याच्या घाटातून येणारे लोक घरगुती आंबापोळी, फणसपोळी आणतात, महाद्वार रोडला कोकण मेव्याच्या दुकानात पण असते, फक्त चाखून घे, हल्ली साखरच फार घालतात.

दुसरं सांगते. तिला कुरकुरीत आवडतं ना, मग कुरकुरीतपणासाठी एवढे पैसे का मोजायचे? कुरकुरीतपणा लाह्यांचा घे. राजगिऱ्याच्या नाहीतर ज्वारीच्या लाह्या कढईत जरा गरम कर, आणि ती शाहूपुरीची म्हणते तो स्ट्रॉबेरीचा चुरा मिक्सरला फिरवून लाह्या गरम असतानाच वरून भुरभुरव, चिमूटभर मीठ आणि अगदी थोडं तूप लाव म्हणजे चिकटतो. शंभर ग्रॅम चुऱ्यात दहा-बारा डबे होतील. गुलाबी लाह्या बघून पोर खूश होईल.

फूडटेक_कागल

काकू, लाह्यांची कल्पना लई भारी आहे, खरंच. फक्त तूप अगदी हलक्या हातानं, आणि लाह्या कोमट झाल्यावर पावडर टाका, फार गरम असतील तर वाफेनं पावडर चिकट होऊन गोळे होतात.

आंबापोळीबद्दल थोडा वेगळा मुद्दा मांडतो. उन्हातल्या चार-पाच दिवसांत क जीवनसत्त्व बरंच जातं, ते उष्णता, उजेड, हवा तिन्हीनं मरतं. फ्रीज ड्रायमध्ये थंडीत आणि हवा काढून काम चालतं म्हणून ते बरंचसं टिकतं. 100 ग्रॅम ताज्या स्ट्रॉबेरीत ते साधारण 60 मिलिग्रॅम असतं, लिंबापेक्षा कमी नाही. बाकी चोथा दोन्हीत राहतो. आंबापोळी वाईट असं म्हणत नाही, माझ्या घरी पण असते.

वाळवणवाल्या_काकू

ते खरं असेल बाळा. पण माझी आंबापोळी वर्षभर स्टीलच्या डब्यात टिकते आणि वीज लागत नाही. ज्याला जे परवडेल ते.

तासगावचा_बागायतदार

आमच्याकडं या की तासगावला. बेदाणा खावा पोरीनं. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतोय, रॅकवर सावलीत पंधरा-एक दिवस वाळवतोय आमी, फेब्रुवारी ते एप्रिल सगळा शिवार बेदाण्याच्या शेडनी भरलेला असतोय. घरी खायाला घेताना एक बघायचं, पिवळाधमक चकचकीत असतो त्याला गंधकाची धुरी दिलेली असत्या, रंग राहावा म्हणून. दम्याचं माणूस घरात असंल तर तसला घेऊ नका. काळा बेदाणा घ्या नाहीतर तांबूस, साधा. भाव फ्रीज ड्रायच्या पासंगाला पण येत न्हाई एवढा कमी.

वहिनी, कुरकुरीत काय होणार न्हाई ते मात्र खरं. चिवट लागंल. पण चार बेदाणं कॉर्नफ्लेक्सात टाकून बघा, दुधात फुगत्यात.

राजारामपुरीची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढी माणसं एवढं मनापासून लिहितील असं वाटलं नव्हतं. काकू, आंबापोळी देऊन बघितली (शेजारच्यांकडं होती), पहिला घास नाही म्हणाली, दुसऱ्या दिवशी स्वतः एक कोपरा तोडून खाल्ला. तेवढंही खूप आहे माझ्यासाठी. बेदाणे मात्र दुधात फुगले की नको म्हणते, कोरडे चालतात.

दोन प्रश्न राहिले. एक, किलोची बॅग घेतली तर टिकणार कशी, आमच्या घरी पावसाळ्यात पापड पण सादळतात. दोन, दात. रोज गोड सुकं फळ म्हणजे किडणार का, कारण एक दात आधीच भरलाय तिचा.

पन्हाळा_ट्रेकर

टिकवण्याचं मी सांगतो कारण यात माझे पैसे गेलेत. मी ट्रेकला फ्रीज ड्राय नेतो, वजन नसतं म्हणून, सगळ्या फळांत हेच एक सॅकमध्ये जड होत नाही. दोन वर्षांपूर्वी जुलैत अर्धा किलो आंबा मागवला, घरी बॅग फोडली, मूठभर काढला आणि बॅगेला रबर लावून ठेवली. चार दिवसांनी उघडली तर चामडं. सगळं. हे फळ हवेतलं पाणी इतक्या जोरात ओढतं की बाहेर पाऊस कोसळत असेल तर अर्ध्या तासात मऊ पडायला सुरुवात होते, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते सांगायला नको.

तेव्हापासून मी असं करतो. बॅग आली की लगेच फोडायची नाही. कोरडा दिवस बघायचा, नसेलच तर एसी लावलेल्या खोलीत, नाहीतर पंखा बंद करून बंद खोलीत, गॅस पेटलेला नको, कुकर नको. आधी बरण्या उन्हात तापवून गार करून ठेवायच्या, रबराची रिंग आणि क्लिप असलेल्या काचेच्या. प्रत्येक बरणीत आठवड्यापुरतंच, आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी, खाद्यपदार्थांत ठेवायला चालणारी (फूड ग्रेड), ती खायची नसते. औषधांच्या बाटलीतली किंवा बुटांच्या खोक्यातली नको, लहान मूल आहे घरात, पुडी मोठी आणि जाड कागदाची असावी आणि झाकणाला आतून चिकटवावी. बाकीचं सगळं फॉइलच्या झिपच्या पिशव्यांत हवा दाबून काढून. एका वेळी एकच बरणी उघडायची. स्टीलचा डबा कितीही घट्ट वाटला तरी त्यातून हवा जाते. आणि फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, बाहेर काढलं की गार बरणीत दमट हवा शिरते आणि आत दव धरतं.

मऊ पडलंच तर टाकू नका, ओव्हनमध्ये 50-60 अंशाला ताटात पसरून तासभर, बऱ्यापैकी परत कुरकुरीत येतं. पहिल्यासारखं नाही पण येतं.

आणि घरी करण्याबद्दल, मी केलाय प्रयोग. सफरचंदाच्या पातळ चकत्या फ्रीजरात उघड्या ताटात तीन आठवडे ठेवल्या. बर्फाचे खडे महिनाभर राहिले की लहान होतात तशा त्या थोड्या वाळल्या, पण मधून ओल्याच आणि सगळ्यांना सुरमईचा वास. नका करू.

सफरचंदच करायचं असेल तर दोन मिलिमीटरच्या चकत्या, लिंबाच्या पाण्यात बुडवून, डीहायड्रेटरमध्ये (गरम हवेनं वाळवायचं छोटं मशीन) 60 अंशाला आठ-दहा तास, गरम असतानाच मऊ असतात, गार झाल्या की कडक होतात, आणि तशाच लगेच बरणीत. सफरचंद हे एकच फळ साध्या वाळवण्यानं खरं कुरकुरीत होतं माझ्या अनुभवात. केळं होत नाही, चिवट राहतं.

फूडटेक_कागल

ट्रेकरनं सगळं बरोबर सांगितलंय. होलसेलमधून घेताना अजून एवढं बघा की बॅग अॅल्युमिनियम फॉइलची हवी, पारदर्शक प्लॅस्टिकची नको, त्यातून दमटपणा आणि उजेड दोन्ही जातात. बॅगेवर पॅकिंगची तारीख आणि एफएसएसएआयचा (सरकारी अन्न परवान्याचा) 14 आकडी नंबर हवा. कुणी मोठ्या बॅगेतून सुटं काढून वजन करून देत असेल तर स्वस्त असलं तरी घेऊ नका, ते आधीच हवा खाल्लेलं असतं.

दातांचं. 100 ग्रॅम ताज्या स्ट्रॉबेरीत साखर 5 ग्रॅमच्या आसपास, तेवढीच 10 ग्रॅम सुक्या स्ट्रॉबेरीत येते. केळ्यात जास्त, 100 ग्रॅम ताज्याला 12 ग्रॅम, म्हणजे 25 ग्रॅम सुक्या केळ्यात 12. त्यामुळं सुकं तोलून द्या, मुठीनं नको, हलकं असल्यामुळं हाताला कळत नाही. ओलं झालं की ते दातांच्या खाचेत चिकटतं, म्हणून दिवसभर येता-जाता एकेक तुकडा देण्यापेक्षा जेवणाबरोबर किंवा नाश्त्याबरोबर एकदाच, आणि वर पाणी प्यायला लावा. पाण्याची तशीही गरज असते, फळातलं सगळं पाणी आपण काढून टाकलेलं आहे. दाताच्या डॉक्टरांना पुढच्या वेळी विचाराच.

दुधात घालताना शेवटी घाला. आधी कॉर्नफ्लेक्स, मग दूध, मग फळ, आणि लगेच वाटी पुढ्यात. म्हशीचं दूध गार असेल तर अजून दोन मिनिटं कुरकुर टिकते. गरम दुधात स्ट्रॉबेरी जास्त घातली तर आंबटपणानं दूध नासल्यासारखं दिसू शकतं, तेवढं सांभाळा.

शाहूपुरीची_बेकर

मला पण एक किलो तुटकी स्ट्रॉबेरी लागणारच आहे पुढच्या महिन्यात. ताई, तुम्ही आणि अजून दोघी-तिघी तयार असाल तर एकत्र मागवूया का? मी ऑर्डर देते, भिशीसारखं वाटून घेऊ. कुणाला किती ते आधी सांगा, पैसे माल आल्यावर. माझ्याकडं सीलिंग मशीन आहे, फॉइलच्या पिशव्या पण आहेत, शंभर-शंभर ग्रॅमच्या करून देते.

राजारामपुरीची_आई

मी तयार! माझ्या लेकीच्या वर्गातल्या दोन आयांना विचारते.

राजारामपुरीची_आई

तीन आठवडे झाले, सांगायला आलेय. आम्ही चौघींनी मिळून एक किलो तुटकी स्ट्रॉबेरी आणि एक किलो केळं मागवलं. 3800 आणि 2400, वर कुरिअरचे 240, सगळे मिळून 6440, वाटणीला प्रत्येकी 1610 रुपये. त्यात पाव किलो स्ट्रॉबेरी आणि पाव किलो केळं आलं. म्हणजे सव्वातीन रुपये ग्रॅम पडलं, आधीचं 8 होतं. शाहूपुरीच्या ताईंनी रविवारी दुपारी दारं-खिडक्या लावून सगळं पिशव्यांत भरून सील करून दिलं, आम्ही चौघी ओट्याभोवती उभ्या, कुणी वजन करतंय कुणी तारीख लिहितंय, दोन तास कसे गेले कळलं नाही.

केळ्याचं मला टेन्शन होतं कारण केळ्याचा ती वास पण घेत नाही. नाव न सांगता दिलं नाही, मला तसं फसवायचं नव्हतं. सांगितलं की हे केळंच आहे, पण कुरकुरीत. तिनं बराच वेळ हातात धरलं, मग एका कोपऱ्याला दात लावला. आता रोज सकाळी वाटीत पाच चकत्या केळ्याच्या ती स्वतः मोजून घालते, वर स्ट्रॉबेरीचा चुरा एक चमचा. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर तोलते मी, दहा ग्रॅमच्या आत-बाहेर होतं. डब्याला काकूंच्या गुलाबी लाह्या. शाळेतून आली की म्हणते आज पाच जणांनी मागितल्या.

दूध फाटल्यासारखं एकदा झालं, दूध कोमट होतं आणि मी चुरा दोन चमचे घातला होता. आता गारच घालते.

एक विचारायचं राहिलं, फणसाचं पण असंच खरं फ्रीज ड्राय मिळेल का? मागचा तेलकट होता तो व्हॅक्यूम फ्राय हे कळलं, पण फणसाची चव तिला आवडली होती.

शाहूपुरीची_बेकर

मिळतं, होलसेलवाल्याच्या यादीत होतं. मी नमुना मागवते 50 ग्रॅमचा, फॅटची ओळ बघूनच मग ऑर्डर देऊ. पुढच्या वेळी चिकू पण विचारू का?

फूडटेक_कागल

चिकूचा पण आधी नमुनाच बघा. ज्यात साखर फार आणि गर मऊ, ते मशीनमध्ये नीट सांभाळून केलं नाही तर बसतं आणि चिकट होतं. फणस छान होतो. मऊ गऱ्यांचा बरक्या नको, काप्या फणसाचे गरे आहेत का ते विचारा, घट्ट असतात.

वाळवणवाल्या_काकू

काप्याच घ्या. आणि मुली, मे महिन्यात माझ्याकडं ये लेकीला घेऊन, मी मंगळवार पेठेत राहते. ताटात रस पसरायला तिचे हात लागतील. बुळबुळीत वाटलं तर पळी देईन हातात.

राजारामपुरीची_आई

येते काकू, नक्की. तिला आत्ताच सांगितलं, ती विचारतेय गच्चीवर कावळे येतात का.

वाळवणवाल्या_काकू

येतात तर. राखणीला काठी देईन तिला.